‘लागलं तर नाही ना?’

(अंजनगाव सुर्जी इथं तालुक्यातल्या महिला मंडळांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आत येताना मी बाहेर पाहिलं. आपण इथं साठेक बाया आहोत आणि भिंतीला सायकली दोन टेकलेल्या आहेत. दोन्ही पोरींच्या. बाकी आपण काळी-पिवळीनं, एसटीनं, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून आलो. म्हणजे आपल्या घरातली कोणती बाई रस्त्यावर स्वतःचं वाहन स्वतः चालवते? आठवी ते बारावीतली पोरगी. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

या पोरी सायकलवर आल्या त्यात सरकारचाही हात आहे, हे मान्य करू. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमधल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. कुठं बापानं कापसाच्या पैशातून घेऊन दिली. सायकल आली. रस्ता मात्र होता तसाच राहिला. आपल्याकडं शकुंतला बंद पडली, आता सगळं रस्त्यावर आहे. दर्यापूरकडून येणारं, परतवाड्याकडून येणारं, अकोटकडं जाणारं. संत्र्याचे, केळीचे ट्रक, रेतीचे टिप्पर, मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या. आणि डांबराच्या कडेला, जिथं रस्ता वीतभर खाली उतरतो, तिथं ही पोरगी.

‘कट मारला’ हा शब्द तुम्हाला सांगायला नको. गाडी मागून येते, अंगाला घासून जाते, पोरगी रस्त्याखाली. काही जण बेफिकिरीनं मारतात. काही जण मुद्दाम मारतात. मुद्दाम मारणारा आधी वेग कमी करतो, बाजूनं चालतो, हॉर्न वाजवतो, काहीतरी बोलतो, आणि पोरीनं मान वर केली नाही की जाताना हँडलजवळून गाडी काढतो. सायकलवरच्या पोरीला मात्र यातला फरक समजायला वेळ नसतो. ती बाभळीत असते.

आता माझी एक चूक सांगते. गावाचं नाव सांगत नाही, ठाण्याचंही नाही. वऱ्हाडातलंच आहे. दहावीतली मुलगी. एका जीपवाल्यानं तिला तीनदा कट मारला होता. तिसऱ्यांदा ती पडली, कोपर खरचटलं, सायकलचं चाक वाकलं. हे तिनं घरी सांगितलं नाही, मला सांगितलं. मी तेव्हा नवीन होते, एम.एस.डब्ल्यू. होऊन फार दिवस झाले नव्हते. अन्याय दिसला की ठाण्यात जायचं, एवढं मला पक्कं माहीत होतं. तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन मी त्याच संध्याकाळी ठाण्यात गेले.

ठाणे अंमलदारानं आधी कोपर पाहिलं. म्हणाला, “लागलं तर नाही ना?” मग माझ्याकडं वळून, “ताई, रक्त नाही, फ्रॅक्चर नाही. कायले पोरीचं नाव कागदावर आणता?” मी जोर धरला तेव्हा कोऱ्या कागदावर अर्ज घेतला. पोच दिली नाही. मीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाला गावातली दोन मोठी माणसं घेऊन तिच्या अंगणात. चहा झाला. “चुकून झालं, पोरगी आपलीच हाय.” चाकाचे पैसे दिले. वडिलांनी घेतले. ते लोक गेल्यावर त्यांनी सायकल आत नेली आणि तिच्यावर पोतं टाकलं. पोरीची शाळा सुटली. पुढं तिनं १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली, पास झाली. पण सायकलवर मी तिला परत पाहिलं नाही.

पोरी सांगत का नाहीत, याचं उत्तर मला त्या पोत्यात मिळालं. तक्रार केली की गाडी थांबत नाही, सायकल थांबते. हे पोरींना आपल्याआधी माहीत असतं. तिच्या आईशी मी आधी बोलले असते तर? आई मला नंतर म्हणाली, “बाई, मले सांगतलं असतं तं मी तिच्या बापाले दोन दिवस समजावलं असतं.” ते दोन दिवस मी दिले नाहीत.

आता त्या प्रश्नाकडं येऊ, ‘लागलं तर नाही ना?’ तो अंमलदार वाईट होता असं मी म्हणत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत पोलिसाचा आणि सायकलवाल्याचा संबंध एवढाच, की दिवा नसला, डबलसीट असला, नगरपालिकेचा बिल्ला नसला की चाकाची हवा सोडायची. सायकलवाला म्हणजे पकडायचा माणूस. तो तक्रारदार होऊन येतो, त्यातही ती पोरगी असते, ही सवयच नाही. पण कायदा काय म्हणतो ते ऐका. सार्वजनिक रस्त्यावर माणसाचा जीव धोक्यात येईल, किंवा इजा होण्याचा संभव असेल, अशा बेदरकारपणे गाडी चालवणं हाच गुन्हा आहे. संभव असेल! रक्त निघायची वाट पाहायची नाही. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम २७९ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे. शिक्षा फार नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा दखलपात्र आहे, आणि दखलपात्र गुन्हा तक्रारीतून दिसत असेल तर नोंद करावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलेलं आहे. नोंदीची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडं लेखी पाठवता येते.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे, धोकादायक चालवण्याचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोबाईल हातात धरून चालवणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, उलट्या दिशेनं येणं, हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलं आहे. आणि मला सगळ्यात आवडतं ते कलम १३३. गाडीमालक म्हणतो, “गाडी माझी, पण त्या दिवशी कोण चालवत होतं मले काय माहीत?” पोलिसांनी विचारलं की चालकाचं नाव-पत्ता देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणून पोरीनं चेहरा ओळखायची गरज नाही. नंबर पुरतो.

जिथं बोलणं, हातवारे, पाठलाग आहे, तिथं हा नुसता वाहतुकीचा विषय राहत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर तो लैंगिक छळ म्हणून २०१२ च्या पॉक्सो कायद्यात येऊ शकतो. त्या कायद्यात मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथं घ्यायचा आहे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. मी त्या संध्याकाळी पोरीला ठाण्याच्या बाकावर बसवलं होतं.

दुसरीकडं आम्ही वेगळं केलं. आधी आयांची बैठक घेतली, तीनदा. एकच गोष्ट कबूल करून घेतली: काही झालं तरी सायकल आत जाणार नाही. मग पोरींना सांगितलं, वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. गाडीचा नंबर, रंग, दिवस, वेळ, कोणत्या पुलाजवळ किंवा कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ, काय केलं, बरोबर कोण होतं. पूर्ण नंबर मिळाला नाही तर शेवटचे चार आकडे. एमएच २७ तर इथं सगळ्यांचंच असतं. महिन्यानं पानं एकत्र केली. वेगवेगळ्या पोरींच्या वह्यांत एक नंबर पाच वेळा होता. अर्ज आयांच्या सह्यांनी गेला, सोबत मुख्याध्यापिकेचं पत्र. कोणत्याही एका पोरीचं नाव पुढं नव्हतं. आम्ही अकरा जणी गेलो आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच उठलो. मालकाला बोलावलं गेलं, चालकाला दंड झाला, त्या रस्त्यावर शाळा सुटताना काही दिवस पोलीस उभा राहिला. काही दिवसच. नंतर आम्ही पुन्हा गेलो.

त्या वह्यांत आणखी एक निघालं, तेही सांगायला हवं. दोन नंबर मोटारसायकलींचे होते आणि त्या बैठकीत बसलेल्या आयांच्या मुलांच्या निघाल्या. एक तर सोळा वर्षांचा. खोलीत एकदम शांत झालं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे मी वाचून दाखवलं तेव्हा एक बाई उठून गेली. पुढच्या बैठकीला ती आली, गाडीची किल्ली कमरेला लावून.

१९९१ साली तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीतून हजारो बाया सायकल शिकल्या. रस्त्यावर त्यांनाही टोमणे खावे लागले, पण त्या एकेकट्या नव्हत्या, झुंडीनं होत्या. इंग्लंडात वेस्ट मिडलँड्सच्या पोलिसांनी २०१६ पासून साध्या कपड्यातला पोलीसच सायकलवर बसवला. जो गाडीवाला फार जवळून जाईल त्याला पुढं थांबवायचं. आपल्या ठाण्यातला एखादा जमादार एक संध्याकाळ दर्यापूर रस्त्यावर सायकलनं गेला तर बरं होईल, असं मला फार वाटतं. हसू नका, अर्जात लिहून देऊ.

आता चहा आहे. कापूसतळणी, विहीगाव, दहिगाव रेचा इकडून आलेल्या बायांनी मात्र थोडं थांबा. तुमच्याकडच्या शाळा किती वाजता सुटतात आणि पोरी कोणत्या रस्त्यानं येतात ते लिहून घ्यायचं आहे. आणि बाहेरच्या दोन सायकली ज्यांच्या आहेत त्या पोरींनाही बोलवा, त्यांच्याकडं नंबर असतील.