डीसी विजेचा अतिशीत पहारेकरी

घरच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. प्रवाह तोडताना उडणारी ठिणगी ब्रेकर नेमका तोच क्षण साधून विझवतो. एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीत तो क्षणच येत नाही. शॉर्टसर्किट झालं की प्रवाह काही मिलिसेकंदांत कित्येक पट चढतो आणि तोडायला जावं, तर ठिणगी पेटतीच राहते. इथे अतिसंवाहक कामी येतो. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली त्याची पातळ फीत एरवी डीसीला रोधच करत नाही. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की तिची अतिसंवाहकता आपोआप मोडते, रोध उभा राहतो आणि ब्रेकरला पेलेल इतपत प्रवाह आवरला जातो. ना सेन्सर, ना आज्ञा! मला याचंच मोठं अप्रूप वाटतं. चीनमधल्या नानआव बेटाच्या १६० किलोव्होल्ट डीसी जाळ्यात असं यंत्र बसवलं आहे. मात्र तापलेली फीत पुन्हा गार होईपर्यंत तिला विसावा द्यावा लागतो.