कॉक गळतोय



आमच्या पडवीत वडिलांची जुनी मोटरसायकल उभी असते. गेल्या पावसाळ्यात सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा भपकारा यायचा. कॉक तर बंद! शेजारचे काका म्हणाले, साबण लाव. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे टाकीला बारीक भेग पडली तर घर गाठेपर्यंत तो खरंच धकवून नेतो. पण कॉकचं दुखणं पोटातलं; वरून लिंपून काय होणार?

आधी गळती नेमकी कुठून, ते पाहावं. कॉक कोरडा पुसून बंद करायचा, नळी काढून तोंडाखाली बाटली धरायची. बाटलीत थेंब पडले तर आतली रबराची चकती गेली. टाकी आणि कॉक यांच्या सांध्यात ओल दिसली तर तिथली ओरिंग. आमच्याकडे चकतीच होती. त्यातून कार्बोरेटरमधली फ्लोटची सुईही नीट बसत नसेल, तर रात्रभर झिरपलेलं पेट्रोल इंजिनात उतरतं. मी ऑइलची काडी ओढून हुंगली. ऑइल पातळ, पेट्रोलचा वास! अशी गाडी चालवू नका. ऑइल बदला आणि सुईही बघून घ्या.

काम अवघड नाही. इंजिन थंड हवं, जागा उघड्यावरची, आणि आसपास विडी-काडी, देवाचा दिवा काही नको. टाकी डब्यात रिकामी केली, दहाच्या पान्यानं दोन बोल्ट सोडले. चकती कडक होऊन तिला तडे गेले होते. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या प्रतीच्या रबराला ते मानवत नाही. चकती बसते ती जागा काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हातानं सपाट केली. बोल्टखालचे वॉशरही नवे घातले. जुने दाबून चपटे झालेले असतात, मग आट्यांतून पेट्रोल पाझरतं. आणि टेफलॉनची टेप मात्र गुंडाळू नका. तिचे धागे सुटून जेटमध्ये अडकतात.

जाळी धुताना एक गोष्ट हाती लागली. कॉकवर दोन नळ्या असतात, उंच नळी नेहमीची आणि बुटकी रिझर्व्हची. आमची उंच नळी बुडाशीच मोडली होती. दोन वर्षांपूर्वी कात्रजच्या जुन्या घाटात गाडी रिझर्व्हला न लागताच कोरडी पडली, आणि ती पंपापर्यंत ढकलत नेताना, मी पेट्रोल भरायला विसरलो म्हणून वडिलांनी मला जे काही ऐकवलं होतं, ते आठवलं. नळीचा तुकडा मी रात्री त्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला.