कुलीन कुत्र्यांचे आनुवंशिक मज्जाविकार

वणीसारख्या गांवीं एखाद्या सुखवस्तु घरांत आठ-नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड कुत्रा आहे, असें समजावें. आजवर त्यानें दाराची राखण केली, घरांतील मुलें त्याच्यासंगें वाढलीं. एके दिवशीं फरशीवर त्याचीं मागचीं नखें घासत असल्याचा आवाज येऊं लागतो. पुढें कंबर डुलूं लागते, पाय एकमेकांत अडखळतात. घरांत नाना तर्क चालतात. कोणी म्हणतें लचक भरली, कोणी म्हणतें वात. कोणी तर गच्चीवर धांवावयास लावल्याबद्दल मुलांसच बोल लावतें. कुत्रा मात्र विव्हळत नाहीं, कारण या रोगांत वेदना सहसा नसते.

या विकारांत पृष्ठरज्जूंतील तंतूंची हळूहळू झीज होते आणि मेंदूची आज्ञा मागच्या पायांपर्यंत नीट पोंचत नाहीं. बहुधा सहा महिने ते वर्षभरांत मागचे पाय लुळे पडतात; कालांतरानें पुढचे पायही दुबळे होतात. २००९ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं याचें मूळ प्रसिद्ध केलें. एसओडी-१ नामक जनुकांतील अवघ्या एका अक्षराचा तो फरक आहे. याच जनुकांतील दोषांमुळें मनुष्याच्या कांहीं कुटुंबांत स्नायू निकामी करणारा असाध्य रोग होतो, हें १९९३ मध्येंच आढळलें होतें.

प्रत्येक पिलास हें जनुक आईकडून एक व बापाकडून एक, असें दोनदां मिळतें. एकच प्रत सदोष असेल तर कुत्रा सहसा निरोगी राहतो, पण दोष पुढें देऊं शकतो. असे दोन वाहक एकत्र आले तर सरासरीनें चार पिलांपैकीं एकास दोन्ही सदोष प्रती मिळतात. तशा प्रत्येक पिलास रोग होतोच असें नाहीं. धोका मात्र निश्चित वाढतो.

कुलीन जातींतच हें अधिक कां दिसावें? जर्मन शेफर्डची जात १८९९ मध्यें माक्स फॉन श्टेफानित्स यांनीं संस्था स्थापून नांवारूपास आणली. मोजक्या पूर्वजांची संतति आपसांत जुळवीत गेल्यानें रूप स्थिर झालें, पण दडलेले दोषही एकत्र येऊं लागले. डोबरमनमधील एका आनुवंशिक निद्राविकाराचें कारण १९९९ सालीं स्टॅनफर्ड येथें उलगडलें. त्यांत कुत्रा आनंदाच्या भरांतच कोसळतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांसारख्या मोजक्या संख्येच्या देशी जातींनींही यापासून धडा घ्यावयास हवा. मुलामुलींचे विवाह ठरवितांना गोत्र पाहणारे गृहस्थ कुत्र्यांची जोड लावतांना मात्र एकाच कुळांत समाधान मानतात, हें नवल होय.

उपाय कठीण नाहीं. गालाच्या आंतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावरून जनुकाची परीक्षा होते. वाहकाची जोड निर्दोष प्राण्याशींच लावली तर पिलांपैकीं एकासही दोन सदोष प्रती मिळत नाहींत. सारे वाहक एकदम बाद केल्यास मात्र कुळ आणखी आकुंचित होऊन दुसरे दोष डोकें वर काढतील. पिलूं विकत घेणारानें रंगरूपाबरोबर आईबापांच्या परीक्षेचा दाखला मागावा. मागणी बदलली कीं विक्रेताही बदलतो.

आणि ज्याच्या दारीं रोग आलाच आहे त्यानें काय करावें? प्रथम पशुवैद्यास दाखवावें. मणक्याची चकती सरकल्यानेंही पाय लुळे पडतात व त्यावर इलाज असतो. वणीकरांस नागपूरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाहीं. रोग तोच ठरला तर त्यावर खात्रीचा उपचार अद्याप नाहीं. फरशीवर तरट अंथरावें, रोज हलकें चालवावें, अंग स्वच्छ ठेवावें. मुलांस सांगावें कीं, दोष त्यांचा नव्हे, कुत्र्याचाही नव्हे. तो त्याच्या जन्मापूर्वींच, माणसाच्या निवडींतून आलेला आहे. म्हणून पुढच्या पिढीची काळजीही माणसानेंच वाहावयाची आहे.