तिखटाची पारख

परदेशांत शिकणारा मुलगा सुटींत घरीं येतो, तेव्हां त्याच्या पेटींतून हल्लीं चॉकलेटांबरोबर एखादी लहानशी बाटलीहि निघते. तिच्यावर कवटीचें चित्र असतें, आंत तांबडाभडक रस असतो, आणि एका थेंबापेक्षां अधिक घेऊं नये असा इशारा छापलेला असतो. रात्रीं पंगतींत पैजा लागतात. कोल्हापूरकडील काका 'आमची जीभ मिरचीवरच वाढली' असें म्हणून चमचाभर रस भाकरीवर ओढतात, आणि पुढील अर्धा तास घरांतील सर्व मंडळी पाण्याचे तांबे घेऊन धांवत असते. काकांच्या जिभेला तिखटाची सवय होती हें खोटें नव्हे. परंतु संकेश्वरी मिरचीची सवय आणि त्या बाटलींतील रस यांत पर्वतीची पायरी आणि सिंहगडाचा कडा यांइतकें अंतर आहे.

हें अंतर मोजण्याची रीत अमेरिकेंतील विल्बर स्कोव्हिल नांवाच्या औषधशास्त्रज्ञानें १९१२ सालीं बसविली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यांत मिसळावयाचा, आणि चाखणाऱ्यांच्या जिभेला तिखटपणा लागेनासा होईपर्यंत तो पातळ करीत जावयाचा. जितक्या पटींनीं पातळ करावा लागेल, तो त्या मिरचीचा अंक. हें काम आतां जिभेऐवजीं यंत्रें करितात. अंकाला नांव मात्र स्कोव्हिलचेंच राहिलें आहे. भोपळी मिरचीचा अंक शून्य. स्वयंपाकांतील बहुतेक सुक्या मिरच्या कांहीं हजारांत मोडतात. ईशान्येकडील भूत जोलोकियाचा अंक दहा लाखांवर भरला, आणि २००७ सालीं जगांतील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेसच्या ग्रंथांत तिची नोंद झाली. तो मान पुढें तिच्याकडून गेला. २०२३ सालीं नोंदलेल्या 'पेपर एक्स' या अमेरिकन मिरचीचा सरासरी अंक २६ लाख ९३ हजार आहे. खाद्यपदार्थाची अशी शर्यत लागावी, हें पोटापेक्षां पराक्रमाच्या हौसेचेंच लक्षण होय.

गृहिणीला मात्र शर्यत जिंकावयाची नसते. तिला वर्षाचा मसाला करावयाचा असतो, आणि तेथें तिखटपणा हा एकच गुण पाहून भागत नाहीं. रंग, झणका आणि स्वाद हीं तिन्हीं एका मिरचींत क्वचितच नांदतात. कर्नाटकांतील ब्याडगी गांवाचें नांव मिरविणारी मिरची सुरकुतलेली, गडद तांबडी आणि स्वभावानें सौम्य. संकेश्वरी लांब, सडपातळ आणि झणझणीत. लवंगी तर अंगानें जितकी लहान, तितकी वृत्तीनें कडक. नुसत्या ब्याडगीचा रस्सा डोळ्यांना तृप्त करितो, पण जिभेशीं बोलत नाहीं. नुसत्या लवंगीनें रंग आणावयास जावें, तर पहिल्याच घासाला ताट पुढें सारलें जातें. म्हणून रंगापुरती ब्याडगी, झणक्यापुरती संकेश्वरी, आणि घरांतील लहान मुलें व म्हातारी माणसें मोजून त्यांचें प्रमाण, ही जुन्या बायकांची वहिवाट अजूनहि मोडण्यासारखी नाहीं.

खरा धोका तिखटपणांत नसून ओलाव्यांत असतो. नंदुरबारच्या आसपास मोकळ्या मैदानांवर मिरच्यांच्या तांबड्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात. त्यांच्यावर अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली कीं शेतकऱ्याचें आणि व्यापाऱ्याचें दोघांचेंहि नुकसान होतें. तो भिजलेला माल चांगल्या मालांत मिसळला, तर नुकसान गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत येतें. ओलसर मिरची तोलाला भारी भरते आणि तिला आंतून बुरशी धरते. या बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होऊं शकतें. तें यकृताला अपायकारक असून शिजविल्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं. यासाठीं दुकानांत मूठभर मिरच्या उचलून हलवाव्या. आंतील बिया खुळखुळल्या पाहिजेत, देंठ शाबूत असला पाहिजे, आणि दोनचार मिरच्या मोडून आंत करडी किंवा काळसर बुरशी नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे. दुकानदार कुरकुर करील, करूं द्यावी. तयार तिखटच घेणें भाग असेल, तर चमचाभर तिखट पेलाभर पाण्यांत टाकावें. तळचा गाळ बोटांत करकरला तर विटेच्या भुकटीचा संशय घ्यावा, आणि पाण्यांत रंगाचे धागे उतरूं लागले तर कृत्रिम रंगाचा.

मिरचीचें तिखट बियांत असतें, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः बिया ज्या पांढुरक्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्यांत तें द्रव्य तयार होतें. बियांना तें शेजारधर्मानें लागतें. त्याचें नांव कॅप्सेसिन. जिभेवरील ज्या ज्ञानतंतूंना उष्णतेची जाणीव होते, त्यांनाच तें डिवचतें, म्हणून कांहींहि भाजलेलें नसतां तोंड भाजल्याचा भास होतो. ही गुरुकिल्ली १९९७ सालीं डेव्हिड जुलियस यांच्या प्रयोगशाळेंत हातीं लागली, आणि २०२१ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. पक्ष्यांना हा दाह जाणवतच नाहीं. पिंजऱ्यांतील राघू मिरची मिटक्या मारीत खातो, त्यांत त्याचें शौर्य कांहींच नाहीं!

कॅप्सेसिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तेलांत आणि तुपांत विरघळतें. स्वयंपाकाची पुष्कळशी युक्ति या एका गोष्टींत आहे. तिखट मंद तापलेल्या तेलांत क्षणभर परतलें कीं त्याचा रंग आणि झणका तेलाबरोबर सबंध पातेल्यांत पसरतो. तेल धुरावलेलें असेल तर तिखट करपून कडू होतें, आणि शेजाऱ्यांनाहि ठसका लागतो. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर मिरची गोव्यास उतरली. तेथील आमटींत ती नारळाच्या रसांत शिजते, आणि त्या रसांतील स्निग्धांश तिची धार बोथट करितो. कोल्हापुरास तांबड्या रश्शाशेजारीं पांढऱ्या रश्शाची वाटी येते, तिचेंहि काम बरेंचसें हेंच आहे.

भूत जोलोकियासारखी मिरची घरीं आलीच, तर ती चिरूं नये. अख्खी, देंठासकट रश्श्यांत सोडावी आणि वास उतरतांच ती न फुटतां चिमट्यानें काढून घ्यावी. तिला स्वतःचा फळासारखा गोडसर सुवास असतो, आणि तो मिळविण्यासाठींच ती आणावयाची. आसामांत हिचा लेप कुंपणाच्या दोरांना लावून हत्तींना शेतापासून दूर ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे प्रमाण चुकत नाहीं. चिरणें अटळच असेल तर रबराचे हातमोजे घालावे. नुसत्या हातांना तिखट लागलें तर आधीं तेल चोळावें, मग साबणानें धुवावें, आणि तोंवर डोळ्याला किंवा तान्ह्या मुलाला हात लावूं नये. डोळ्यांत गेलेंच, तर वाहत्या पाण्यानें पुष्कळ वेळ धुवावें, आणि जळजळ न थांबली तर डॉक्टरांकडे जावें.

बाटल्यांतहि दोन जाती आहेत. लुइझियानांतील एव्हरी बेटावर १८६८ सालापासून जो टबॅस्को रस होतो, त्यासाठीं मिरची मिठाबरोबर वाटून लांकडी पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवितात व मग शिरक्यांत मिसळतात. लोणचें मुरण्याचें महत्त्व जाणणाऱ्या घराला हें समजावून सांगावयास नको. दुसऱ्या जातींत मिरचीपेक्षां तिचा काढलेला अर्कच अधिक असतो. त्याला दाह आहे, स्वाद नाहीं, आणि मागें कडवटपणा राहतो. लेबलावर 'अर्क' हा शब्द मिरचीच्या आधीं आला असेल, तर ती बाटली पानांत वाढण्याची नव्हे.

काकांना त्या रात्रीं पाण्यानें आराम पडला नाहीं, कारण पाण्यानें तिखट तोंडभर फिरतें, धुतलें जात नाहीं. घट्ट दह्याची वाटी पुढें आली तेव्हां कोठें त्यांना बोलतां येऊं लागलें. दुधातुपांतील प्रथिनें आणि स्निग्धांश तें द्रव्य जिभेवरून सोडवून घेतात. बाटली आतां फडताळाच्या वरच्या फळीवर, मुलांच्या हाताला लागणार नाहीं अशी ठेवलेली आहे. कटाच्या आमटीला तिच्यांतील एक थेंब, तोहि आधीं चमचाभर तेलांत मोडून, सहा माणसांस पुरतो.