चौघांचा बँड आणि एक वही

आज एका परदेशी संगीत नाटकाची गोष्ट सांगते. नाव ‘जर्सी बॉइज’. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चौघांचा ‘फोर सीझन्स’, म्हणजे चार ऋतू, नावाचा बँड होता. १९६० च्या दशकात तो खूप गाजला. त्यांच्या आयुष्यावरचं हे नाटक २००५ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर आलं आणि ११ वर्षं चाललं.

नाटकात चौघंही आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात. टॉमीनं बाकीच्यांना न सांगता मोठं कर्ज करून ठेवलेलं असतं. वसुलीवाला येतो तेव्हा सगळ्यांना कळतं. फ्रँकीच्या आग्रहावरून बँड ते फेडायचं अंगावर घेतो, पण टॉमीला बाहेर पडावं लागतं. मग निकही जातो. गाणी गाजत होती, पण हिशेब कुणी विचारलाच नव्हता.

आमच्या गटात एकीचे हप्ते थकले, तेव्हा आम्ही तिच्या माघारी बोललो. ती बैठकीला येईनाशी झाली. शेवटी घरी जाऊन विचारलं, तेव्हा नवऱ्याचं आजारपण कळलं. मग हप्ता लहान करून दिला. आता ती पुन्हा येते.

म्हणून बायांनो, दर बैठकीत वही मोठ्यानं वाचा. आणि जी गप्प बसलीय, तिला आधी बोलू द्या.