नेमाचं वजन
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी व्हिडिओ गेम बनवतो. महाकाय यंत्रमानवांच्या लढाईच्या गेममध्ये नवख्यांचा नेम सारखा चुकायचा. म्हणून मी नेम धरून देणारं उपकरण केलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. झालं उलटंच. मुरलेल्या खेळाडूंनीही तेच बसवलं आणि नवखे आणखी हरू लागले. काही जण खेळ सोडून गेले. चूक माझीच होती.

उत्तर जुन्या खेळात सापडलं. १९८४ पासून चालत आलेल्या ‘बॅटलटेक’ या पटावरच्या खेळात नेमाचा संगणक वजन खातो. त्याच्या साध्या प्रकारात, ज्या शस्त्रांना तो मदत करतो त्यांच्या दर चार टनांमागे एक टन. तेवढं चिलखत किंवा दारूगोळा कमी करावा लागतो.

मीही उपकरणाला वजन दिलं. नवख्यांनी चिलखत सोडून नेम घेतला. मुरलेल्यांनी स्वतःच्या हातावर भरवसा ठेवून चिलखत घेतलं. लढत पुन्हा रंगली.

सर, परीक्षेत लॉग टेबल जवळ असायचं, पण उदाहरण आम्हालाच मांडावं लागायचं. मदत कशी असावी, हे मी तिथेच शिकायला हवं होतं.