माहेरचा नाताळ
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एकेका भगिनीने आपल्या माहेरच्या सणाविषयी बोलावे, अशी यंदा मंडळाची कल्पना आहे. मंगळागौरीवर आणि पोळ्यावर आपण ऐकले. आता माझी पाळी. माझे माहेर अहमदनगर. २०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे; पण माहेरवाशिणीच्या तोंडी 'नगर' हेच बसलेले, तेव्हा मी नगर म्हणाले तर सांभाळून घ्यावे.

नाताळ म्हटले की केक आणि लाल टोपीवाला म्हातारा, एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. ते दोन्ही आमच्याकडेही आहेत. पण नाताळचा खरा वास घरात दरवळतो तो चकलीच्या भाजणीचा! करंज्या, शेव, अनारसे, लाडू, सारे आपल्या दिवाळीसारखेच. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट आलेले असते. नाताळात ते भरून परत जाते. दारावर कामट्यांची आणि रंगीत कागदाची चांदणी लागते. बाहेर नगरची कोरडी थंडी असते आणि रानात ज्वारी हुरड्यावर येऊ लागलेली असते.

मात्र आमच्या घरी सणाची चाहूल लागते ती गायनमंडळाच्या सरावाने. नाताळपूर्वीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात. या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपली, झाकपाक झाली की बायका शाल गुंडाळून देवळात जमतात. देऊळ हा शब्द आम्हीही वापरतो बरे का! पेटी, तबला, टाळ मांडलेले असतात. दुपारभर शेवेच्या घाण्यापुढे बसून गळा धरलेला असतो. मग कुणी लवंग देते, कुणी खडीसाखर. सुनेचा आवाज वरच्या पट्टीतला असला तर ती पुढे उभी राहते आणि सासूबाई मागे साथीला. घरात कोण कुणापुढे चालते, याचा तेवढा वेळ सर्वांनाच विसर पडतो! चोवीस तारखेच्या रात्री घरोघर जाऊन गाणी म्हणायची, शेवटच्या घरी चहा घ्यायचा, आणि सकाळी पुन्हा उपासनेला ताज्या गळ्याने उभे राहायचे, असा हा नेम.

ही गाणी आमच्याकडे कशी आली, ते थोडक्यात सांगते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. आरंभी इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवरच म्हणत. त्यात एक अडचण होती. इंग्रजी चालीत ठोका ठरलेल्या जागी पडतो, आणि मराठी शब्दाला ऱ्हस्व-दीर्घाचे स्वतःचे वजन असते. ठोक्याखाली ऱ्हस्व अक्षर सापडले की ते उगाच लांबते, आणि अर्थ बिचारा मागे राहतो. भक्तिभाव असून ओठांवर गाणे बसेना. पुढे नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी देशी धाटणीची पदे रचली, कीर्तने केली. १८९५ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्यांनी धर्म बदलला, पण तुकोबांचा अभंग सोडला नाही. ओवी, अभंग आणि पदे यांतून त्यांनी आमच्या उपासनेला मराठी गळा दिला. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाईला हे गाणे कुणी शिकवावे लागले नाही. टिळकांचे 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्याच या लक्ष्मीबाई.

सर्व जगात गाइले जाणारे 'सायलेंट नाइट' हे गाणेही असेच एका लहान गावातले आहे. १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातील ओबर्नडोर्फ येथे एका धर्मगुरूने आणि एका शाळामास्तराने ते दोन आवाजांत, गिटारच्या साथीवर प्रथम गाइले. शब्द धर्मगुरूचे, चाल मास्तरांची, आणि भाषा गावातल्या लोकांना कळणारी जर्मन. मंडळी मोठी लागत नाही आणि वाद्येही फार लागत नाहीत, एवढे यावरून समजते.

आणखी एक गोष्ट बायकांच्या दृष्टीने महत्त्वाची. कुलीन घरच्या स्त्रीने चारचौघांत गळा उघडू नये, असे ज्या काळी मानत, त्या काळी आमच्या पणज्या गायनमंडळात उभ्या राहून गात होत्या. त्यामागे शाळा होती. सिंथिया फरार या बाईंनी १८३९ पासून १८६२ मध्ये देह ठेवीपर्यंत नगरला मुलींच्या शाळांचे काम केले. त्या शाळा पाहून महात्मा फुल्यांना स्फूर्ती मिळाली, हे आपण सर्व जाणतोच. वाचायला आलेली मुलगी गीताचे पुस्तक हाती धरू लागली आणि मंडळीपुढे उभी राहिली.

आता मनातली काळजी सांगते. घरोघरच्या गीतांच्या पुस्तकात शब्द असतात आणि वर चालीचे किंवा रागाचे नाव असते. पण चाल स्वतः पुस्तकात नसते, ती माणसाच्या गळ्यात असते. मुली लग्न होऊन जातात, मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला राहतात. देवळात पडद्यावर शब्द दिसतात, त्याने म्हाताऱ्या डोळ्यांची सोय झाली हे खरे; पण पडद्यावर चाल दिसत नाही. मागच्या नाताळात सरावाला एक जुना अभंग काढला. ध्रुपद सर्वांना येत होते, पुढचे कडवे कुणालाच येईना. ते येणाऱ्या आजी अंथरुणाला खिळलेल्या. शेवटी दोघी मुली मोबाईल घेऊन त्यांच्या घरी गेल्या. आजींनी पडल्यापडल्या, दम खात, तीन वेळा ते कडवे म्हणून दाखवले आणि 'इथे घाई करू नका ग' असे बजावले. पंचवीस तारखेला ते गाणे झाले. तो तबकाएवढा फोन नसता आणि आजी नसत्या, तर ती चाल त्या वर्षीच संपली असती.

भगिनींनो, हे केवळ आमच्या देवळापुरते नाही. तुमच्या भोंडल्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या, पाळणे यांचीही हीच स्थिती आहे. शब्दांचे संग्रह निघाले, चाली मात्र एकेका आजीबरोबर जात आहेत. म्हणून मंडळाला एक विनंती करते. येत्या वर्षी प्रत्येकीने घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एक गाणे चालीसकट शिकावे, फोनवर उतरवून ठेवावे आणि मासिक सभेत म्हणून दाखवावे. नुसते उतरवून ठेवू नये. फोनमधले गाणे जपले जाते, पण गळ्यातले गाणेच पुढच्या गळ्यात जाते. यात जातपात-धर्म पाहायचा नाही. मी तुमचा एक पाळणा शिकेन, तुमच्यापैकी कुणी आमचा एक अभंग शिकावा. डिसेंबरच्या सभेला फराळ माझ्याकडे!